रिपोर्ट आल्यानंतरची वर्षं

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत सिकलसेलची चाचणी करून घेणं आता फारसं कठीण राहिलेलं नाही. आश्रमशाळेत, उपकेंद्रात, बाजाराच्या दिवशी लागलेल्या शिबिरात बोटाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात आणि काही मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर मुलगी वर्गात परत जाते. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर तिचं नाव वेगळ्या यादीत चढतं, पुढची तपासणी होते आणि यथावकाश घरी कार्ड येतं. त्यावर ‘एएस’, म्हणजे वाहक, लिहिलेलं असतं, नाहीतर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. लोक त्याला ‘पॅटर्न’ म्हणतात. अमक्याच्या पोरीचा एसएस पॅटर्न निघाला, असं गावात बोललं जातं. या दोन अक्षरांसोबत पुढची पन्नास वर्षं कशी काढायची, हे मात्र बहुतेक वेळा त्या घरावरच सोडून दिलेलं असतं.

जन्मभराचा आनुवंशिक आजार कळल्यावर मन सावरणं ही आपण घरातली खासगी गोष्ट समजतो. नातेवाईक म्हणतात धीर धरा, शेजारी म्हणतात देवाच्या मनात असेल तसं, शिकलेली माणसं सांगतात सकारात्मक राहा. हेतू सगळ्यांचाच चांगला असतो, पण सगळा भार त्या एका मनावर टाकून सगळे मोकळे होतात. मला हे अन्यायाचं वाटतं. निदान कोणी सांगितलं, कोणत्या भाषेत सांगितलं, कोणासमोर सांगितलं आणि सांगताना हातात काय दिलं, यावर ते दुःख किती खोल जाईल हे बरंचसं ठरतं. म्हणून सावरण्याच्या कामातला मोठा वाटा सांगणाऱ्याकडे येतो. सांगणारी यंत्रणा सरकारी असेल तर तो सरकारकडे येतो, आणि लग्नं जमवणारा, शाळा चालवणारा, मजुरीला लावणारा समाज म्हणून आपल्याकडेही येतो.

आजार नवा नाही. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहून त्यांची नोंद केली. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली. म्हणजे विदर्भातल्या डॉक्टरांना हा आजार माहीत होऊन साठ वर्षं उलटून गेली. तरी माडिया, गोंड, परधान घरांत, पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध घरांत, आणि इतरही अनेक समाजांत मुलं दुखण्याने तळमळत राहिली आणि घरच्यांना दुखण्याचं नाव ठाऊक नव्हतं.

नाव नसलेलं दुखणं फार क्रूर असतं. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कायम कमी, डोळे पिवळे, थोड्या कामाने दम. वाकड्या झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडं फुटल्यासारख्या कळा येतात. वरून काहीच दिसत नाही, सूज नाही, जखम नाही. मग मूल आळशी ठरतं, कामचुकार ठरतं. डोळे पिवळे म्हणून कावीळ समजून झाडपाला दिला जातो, पुजाऱ्याकडे नेलं जातं, कोणीतरी काही केलं असा संशय शेजारच्या घरावर जातो. चामोर्शीकडच्या एका बापाने मुलीच्या रिपोर्टबद्दल बोलताना आजाराविषयी काहीच विचारलं नाही. धान कापणीच्या वेळी ती बांधीत बसून राहिली होती, उठतच नव्हती. “मी तिले मारलो होतो,” एवढंच तो म्हणाला, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. मुलगी तिथेच होती. तिच्या चेहऱ्यावर मला सुटकेसारखं काहीतरी दिसलं. तिचं दुखणं खरं होतं हे आता कागदावर आलं होतं.

म्हणून ‘कशाला चाचणी करायची, कळलं की मनाला लागतं’ हे मत मला पटत नाही. न कळलेल्या घरातही दुःख असतंच, तिथे ते संशय, मार आणि अपराध होऊन वावरत असतं. निदानाने ते निदान एका जागी येतं.

पण ते एका जागी आल्यावर पहिला घाव आईवर बसतो. माह्यं काय चुकलं, हा प्रश्न तिच्या तोंडी येतोच, आणि तो तिच्या तोंडी घालणारेही घरात असतात. इथे आनुवंशिकीचं साधं गणित मोठं काम करू शकतं. मूल एसएस व्हायला सिकलसेलचा एक अंश आईकडून आणि एक बापाकडून यावाच लागतो. दोघंही वाहक, म्हणजे एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि हा अंशच नसण्याची, म्हणजे एए होण्याची, २५ टक्के. एकट्या आईच्या रक्तातून हा आजार येऊच शकत नाही. ही गोष्ट सासूसमोर आणि नवऱ्यासमोर बसून सांगायला हवी. प्रत्यक्षात गरोदर बाई तपासणीला येते म्हणून तिचं रक्त आधी तपासलं जातं, रिपोर्ट तिच्या नावाने येतो आणि नवरा तेव्हा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला असतो. त्याची तपासणी राहून जाते. महिनोन्महिने त्या घरात दोष फक्त तिचा असतो. हे दुःख आजाराचं म्हणता येणार नाही. तपासणीच्या क्रमाने ते तयार केलेलं असतं, आणि क्रम बदलला तर टळतं.

‘पॅटर्न निघाला’ या बोलण्यात वाहक आणि रुग्ण यांतला फरकही बुडून जातो. एएस असलेला माणूस आजारी नसतो. तो नेहमीसारखा शेतात राबतो, धावतो, म्हातारा होतो. उलट त्याच्या रक्तातल्या या अंशाने जीवघेण्या मलेरियापासून त्याचं बरंच रक्षण होतं, हे अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं आणि पुढे ते भक्कम ठरलं. महाराष्ट्रात मलेरिया सर्वांत जास्त गडचिरोलीत असतो. या जंगलात शेकडो पिढ्या ज्या तापाने मुलं नेली, त्या तापातून काही मुलं ज्या रक्ताने वाचली, तेच रक्त आज एएस म्हणून कार्डावर लिहून येतं. पूर्वजांचं पाप, करणी, शाप यांपैकी कशाचीही इथे गरज उरत नाही. हे समजावलं तर वाहकाच्या मनावरचं सावट पुष्कळ निवळतं. एसएस मुलाच्या आईला मात्र यातून फारसा दिलासा मिळणार नाही, तिच्या मुलाला मलेरिया झाला तर तो उलट अधिक धोक्याचा असतो. तिला वेगळं काही द्यावं लागतं.

काय द्यायचं हे ठरवण्याआधी तिचं दुःख कसं चालतं ते समजून घ्यायला हवं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मृत्यूच्या दारातल्या रुग्णांच्या अनुभवावरून दुःखाचे टप्पे मांडले: नाकारणं, राग, सौदा, खिन्नता आणि शेवटी स्वीकार. ते इतके गाजले की आता कोणत्याही दुःखाला लावले जातात. समुपदेशनाच्या प्रशिक्षणांतही शिकवले जातात आणि मग ‘आईने अजून स्वीकारलेलं नाही’ असा शेरा मारला जातो. जन्मभराच्या आजाराला हा साचा बसत नाही. त्याच्या आधीच, १९६२ मध्ये, सायमन ओल्शान्स्की या अमेरिकी समुपदेशकाने मतिमंद मुलांच्या आईबापांविषयी लिहिताना सांगितलं होतं की त्यांचं दुःख संपत नाही, ते जुनाट असतं, आणि तसं असणं स्वाभाविक आहे. मला सिकलसेलच्या घरांसाठी हेच खरं वाटतं. मूल बरं असतं तेव्हा आई हसते, बाजाराला जाते, लग्नात नाचते. मग बरोबरीची मुलं उंच होतात आणि हे राहतं, तेव्हा ते दुःख परत येतं. मुलगी वयात उशिरा येते तेव्हा येतं. सोयरीक बघायला माणसं येतात तेव्हा येतं. स्वीकार एकदाच होऊन संपला, असं इथे घडत नाही, तो पुन्हा पुन्हा करावा लागतो.

या दोन जिल्ह्यांत तर तो ऋतूगणिक करावा लागतो. दुखणं उठू नये म्हणून डॉक्टर सांगतात ते योग्यच आहे: भरपूर पाणी प्या, उन्हात राबू नका, गार पाण्यात भिजू नका, अंगमेहनत बेताने करा. आता हे धानोरा किंवा कोरचीच्या वर्षाशी ताडून बघा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुलं वेचायची. मे महिन्यात तेंदूपत्ता, उन्हाचा पारा पंचेचाळीसला भिडलेला असताना पानं तोडायची, घरी बसून पुडके बांधायचे आणि संध्याकाळी खरेदीच्या फळीवर नेऊन द्यायचे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, दिवसभर चिखलात उभं राहून कमरेत वाकायचं, डोक्यावर पाऊस. ज्या ज्या कामाने घरात रोख पैसा किंवा वर्षाचं धान्य येतं, नेमकं तेच काम एसएस माणसाला वर्ज्य. ‘जपून राहा’ हा सल्ला सतरा वर्षांच्या मुलाला ‘तू घरावर भार आहेस’ असा ऐकू येतो. आणि तो भावनाप्रधान आहे म्हणून तसा ऐकू येत नाही, त्याच्या घरचा हिशोब तसाच आहे. त्याला बसून करता येईल असं काम, शिक्षण, परीक्षेला जादा वेळ, यांची सोय केल्याशिवाय त्याच्या मनाची समजूत घालायला जाणं मला निर्दयपणाचं वाटतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला ही मोठी गोष्ट आहे, एसटीत रुग्णाला मोफत प्रवास आहे हीसुद्धा. पण त्याच कायद्यातल्या सरकारी नोकऱ्यांच्या राखीव जागांत रक्ताचे आजार धरलेले नाहीत. कागदावर अपंग आणि नोकरीच्या रांगेत धडधाकट, असं त्या मुलाचं झालं आहे.

आजाराची अनिश्चितताही मन खाते. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असा समज बराच काळ होता. विदर्भातल्या डॉक्टरांनी पाहिलेली अनेक मुलं त्या समजात बसली नाहीत. एका एसएस माणसाला वर्षाकाठी एखादी कळ येते, दुसरा महिन्यातून दोनदा दवाखान्यात असतो, एकाच घरातल्या दोन भावंडांतही असा फरक पडतो. त्यातून पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. कळ कधी येईल हे माहीत नाही, आली तर पोहोचता येईल का तेही माहीत नाही. पोहोचल्यावर, बाहेरून काही दिसत नसल्यामुळे, याला इंजेक्शनची सवय लागली आहे अशा नजरेने पाहणारं कोणी भेटलं तर माणूस पुढच्या वेळी जातच नाही. कळ खरी आहे यावर विश्वास ठेवणं हा उपचारातला भाग आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

गडचिरोली जिल्ह्याने आरोग्याच्या क्षेत्राला एक धडा फार पूर्वी दिला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८० च्या दशकात तिथे ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं तेव्हा सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक सिकलसेलचा होता. शास्त्राच्या दृष्टीने विषय महत्त्वाचा होता. लोकांच्या दृष्टीने मात्र तो त्यांच्या अग्रक्रमाचा नव्हता, हे डॉ. बंग यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने मांडलं, आणि संशोधन लोकांच्या गरजेतून निघालं पाहिजे या त्यांच्या विचाराला त्यातून बळ मिळालं. या प्रसंगाचा अर्थ मी आणखी थोडा पुढे नेतो. तेव्हा लोकांचं बरोबर होतं. तुमच्या रक्तात कायमचा दोष आहे एवढंच सांगायचं आणि द्यायला जवळपास काही नाही, असल्या माहितीचं माणसाने करायचं काय?

पण तीच गोष्ट आज लागू नाही. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने मोठ्या माणसांतल्या कळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसलं आणि १९९८ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे ते सरकारी दवाखान्यातून मोफत देण्याची सोय आहे. कॅप्सूल साधी आहे, रोज घ्यायची, मधूनमधून रक्त तपासत राहायचं. त्यासोबत फॉलिक अॅसिड, लहानपणी पेनिसिलिन, न्यूमोनियाची लस. पाश्चात्त्य देशांत २०२३ च्या अखेरीस जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचारालाही मान्यता मिळाली, पण त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे आणि भामरागडच्या आईला आज त्याची आशा दाखवण्यात अर्थ नाही. तिला आशा द्यायची ती दर महिन्याला न चुकता मिळणाऱ्या कॅप्सूलची. औषध संपलं, पुढच्या आठवड्यात या, हे वाक्य दोनदा ऐकलं की तिचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेल्या आईला कोणतंही समुपदेशन सावरू शकत नाही. चाचणी करून घ्यायला लोकांना सांगण्याचा नैतिक अधिकार आपल्याला या कॅप्सूलने दिला आहे. ती नियमित पोहोचत नसेल तर तो अधिकारही राहत नाही.

आता लग्नाचं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असा त्याचा संकल्प आहे. तपासणीचा हा आवाका स्वागतार्ह आहे. माझी हरकत एवढीच, की गावपातळीवर पोहोचेपर्यंत सगळा संदेश ‘लग्नाआधी पत्रिका नको, रक्ताचे रिपोर्ट जुळवा’ एवढ्यावर येऊन थांबतो. हा संदेश चुकीचा नाही. गोंडांमध्ये तर चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी कुळं पाहून, एका देवात सोयरीक टाळून लग्नं करण्याची शिस्त पिढ्यान्पिढ्या आहे. लग्नाआधी काही मोजून बघणं या समाजाला परकं नाही, आणि ही गोष्ट गावातल्या जाणत्यांकडून, त्यांच्याच पद्धतीने सांगितली गेली तर ती रुजेल. मामाच्या, आत्याच्या घरी सोयरीक करण्याची आवड असलेल्या घरांत ती सांगणं जास्तच गरजेचं आहे, कारण एकाच आजा-आजीकडून आलेला अंश तिथे दोन्ही बाजूंना असण्याची शक्यता वाढते.

तरी केवळ रिपोर्ट जुळवण्यावर भर दिला की काय होतं, हे ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावाने दाखवून दिलं आहे. तिथे सिकलसेलची सरसकट तपासणी झाली, वाहकांना आपसात लग्नं टाळायला सांगितलं. काही वर्षांनी स्टामाटोयानोपुलोस या संशोधकाने आढावा घेतला, तेव्हा वाहकांना कमी लेखलं जात होतं, लोक रिपोर्ट लपवत होते आणि वाहक-वाहक लग्नं मात्र तपासणी न करता जितकी झाली असती तितकीच झाली होती. अमेरिकेत १९७० च्या दशकात काळ्या लोकांच्या घाईघाईच्या तपासण्या झाल्या, वाहक आणि रुग्ण यांतला फरक पुसला गेला, निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होतं. आपल्याकडे तर जात आधीपासून उभी आहे. ‘हा त्यांच्यातला आजार’ हे शब्द मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहेत.

आणि जी एसएस मुलगी आज वीस वर्षांची आहे, ती भिंतीवरचं पोस्टर वाचते तेव्हा काय वाचते? असं मूल जन्माला येऊ नये म्हणून काय करावं, हे. तिच्यासाठी त्या पोस्टरवर एक ओळही नसते. मी लग्न करू शकते का, मूल होऊ देऊ शकते का, असं तिने कोणाला विचारावं? उत्तर सोपं आहे आणि आशेचं आहे. जोडीदार एए असेल तर तिची सगळी मुलं वाहक होतील, एकही एसएस होणार नाही, गरोदरपण मात्र मोठ्या दवाखान्याच्या देखरेखीखाली काढावं लागेल. दोन वाहकांचं लग्न आधीच झालेलं असेल तर गर्भाची तपासणी करता येते, आणि पुढे काय करायचं हा निर्णय त्या जोडप्याचा. त्या निर्णयावर कोणाचाही दाब, अभियानाच्या उद्दिष्टाचासुद्धा, येता कामा नये. सायप्रसने थॅलेसेमिया या अशाच आनुवंशिक रक्तविकाराच्या बाबतीत हाच मार्ग धरला. वाहकांची लग्नं तिथे होतच राहिली, माहिती आणि गर्भतपासणी मात्र प्रत्येकाला मिळाली आणि आजारी जन्म जवळजवळ थांबले.

हे सगळं सांगणारं माणूस कोण? नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. आजार त्यांच्या स्वतःच्या घरात होता. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी बंग दांपत्यालाही. रामटेक्यांच्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की मुलाच्या आजाराने खचलेला बाप त्यांच्याकडे जायचा तेव्हा समोर दुसरा बाप असायचा. डॉक्टर जे सांगू शकत नाही ते तो सांगू शकतो: रात्री कळ आली की काय करायचं, शाळेत गुरुजींना कसं सांगायचं, भावंडांना कमी लक्ष मिळतं तेव्हा त्यांचं काय करायचं. चंद्रपुरात आता भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र आहे, वैद्यकीय महाविद्यालयं दोन्ही जिल्ह्यांत आली आहेत. शास्त्र जवळ आलं आहे. तालुक्यागणिक आईबापांचा आणि तरुण रुग्णांचा गट बांधणं, त्यांना जाण्यायेण्याचा खर्च आणि बसायला जागा देणं, हे त्याच्या तुलनेत किरकोळ काम आहे, आणि तेच होत नाही.

समुपदेशकांचंही तसंच. भामरागड-एटापल्लीत आई माडिया बोलते, समुपदेशक मराठी. तिला कार्ड समजावलं जातं, तिच्या मनातलं मात्र मराठीत येत नाही. माडिया-गोंडी बोलणारी, त्याच गावांतली शिकलेली मुलं या कामावर घ्यावीत, शक्य तिथे स्वतः एसएस असलेली घ्यावीत. ज्याला उन्हात राबता येत नाही त्याच्यासाठी हे सन्मानाचं काम आहे, आणि आपल्यासारखाच पॅटर्न असलेला माणूस तिशीत पोहोचून पगार कमावतो हे पाहून आईला जे वाटेल ते कोणत्याही पत्रकातून वाटणार नाही. पण त्यांना कंत्राटावर ठेवून दरवर्षी बदलू नये. निदान झाल्याच्या महिनाभरात नवरा-बायको दोघांना भेटणारा, मूल शाळेत जाताना, वयात येताना, सोयरिकीच्या वेळी आणि पहिल्या गरोदरपणात पुन्हा येणारा माणूस शक्यतो तोच असावा. शिबिराच्या अहवालात किती जणांची चाचणी झाली हा रकाना असतो. त्याच्या शेजारी, किती घरी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा कोणी गेलं, हा रकाना जिल्हा परिषदेने याच वर्षी सुरू करावा.